ब्राचोले घरी करताना: सारण सोपं, गाठ आणि आच अवघड

इटलीत खाटकाकडे ‘ब्राचोला’ मागितला तर हातात काय पडेल, हे शहरावर ठरतं. उत्तरेत हाडासकट जाड काप मिळेल, भाजायला. शब्दच मुळी ‘ब्राचे’, म्हणजे निखारा, यावरून आला आहे. नेपल्समध्ये त्याच शब्दाला बीफचा पातळ काप मिळतो, सारण भरून गुंडाळायला. अनेकवचन ब्राचोले. इटलीत इतर बऱ्याच ठिकाणी अशा गुंडाळीला इन्व्होल्तीनी म्हणतात. दक्षिणेतल्या बारी शहराकडे हाच प्रकार घोड्याच्या मांसाचाही करतात, आत चरबीची पट्टी घालतात आणि त्याचा रस्सा ओरेक्किएत्ते नावाच्या कानाच्या पाळीसारख्या पास्त्यावर ओततात. सिसिलीत लहान गुंडाळ्यांऐवजी एकच मोठा उंडा, आत उकडलेली अंडी. त्याचं नाव फार्सुमाग्रु.

इथे नेपल्सची पद्धत दिली आहे, कारण पहिल्यांदा करणाऱ्याला ती सगळ्यात जास्त सांभाळून घेते. मांस तासन् तास टोमॅटोच्या रश्श्यात शिजतं, त्यामुळे पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही. शिवाय एका भांड्यातून दोन पानं वाढली जातात. आधी पास्ता, त्यावर फक्त रस्सा. तो संपला की ब्राचोले. रश्श्याचं महत्त्व मांसाइतकंच आहे. हे डोक्यात ठेवलं नाही तर लोक रस्सा कमी करतात आणि पास्त्याला काही उरत नाही.

मांस कुठलं आणि कसं मागायचं

चार जणांसाठी आठ काप, एकूण ७०० ग्रॅम. प्रत्येक काप साधारण तळहाताएवढा, १२ बाय १५ सेंटिमीटर, अर्धा सेंटिमीटर जाड. मांडीचा बिनहाडी भाग घ्या, किंवा खांद्याचा. मांडीचे काप एकसारखे आणि देखणे निघतात. खांद्याचे काप वेडेवाकडे, मधे शिरा असलेले. पण लांब शिजवल्यावर चवीला तेच सरस. नेपल्सचे जुने खाटीक ब्राचोलेसाठी खांद्याकडचाच भाग सुचवतात. अंडरकट घेऊ नका. तो महाग असतो, आणि दोन तास शिजवला की त्याचा कोरडा भुगा होतो.

परदेशात राहणाऱ्यांना बीफ सहज मिळेल. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथल्या दुकानात मिळतं ते म्हशीचं मांस. ब्राचोले त्याचेही चांगले होतात. रंग गडद, चरबी कमी, धागे जाड, म्हणून शिजायला पाऊण ते एक तास जास्त धरा आणि सारणात डुकराच्या चरबीची बोटाएवढी पातळ पट्टी घाला. खाटकाला इटालियन नाव सांगून उपयोग नाही. ‘पसंद्यासाठी कापता तसे, जरा मोठे’ एवढं म्हटलं की मुंबई-पुण्यात बहुतेकांना कळतं.

घरीच कापायचं असेल तर अख्खा तुकडा फ्रीजरमध्ये पाऊण तास ठेवा. बाहेरून घट्ट झाला की सुरी घसरत नाही. धागे कुठल्या दिशेने गेलेत ते नीट बघा आणि त्यांना आडवं कापा.

सामान

सारणाला: किसलेलं पेकोरीनो रोमानो ३० ग्रॅम आणि त्याचेच बारीक तुकडे ३० ग्रॅम, पार्स्लीची मूठभर पानं, लसणाच्या २ पाकळ्या, बेदाणे ३० ग्रॅम, चिलगोजे ३० ग्रॅम, ताजी कुटलेली मिरी.

रश्श्याला: ऑलिव्ह तेल ४ मोठे चमचे, मिळाल्यास डुकराची चरबी १ चमचा, मोठा कांदा १, कोरडी रेड वाईन १५० मिलिलिटर, टोमॅटो पेस्ट २ मोठे चमचे, गाळलेला टोमॅटो, म्हणजे पास्साता, १ लिटर, बेझिलची ५-६ पानं, मीठ.

पास्ता ३२० ग्रॅम: झीती, रिगातोनी किंवा पाक्केरी, म्हणजे पोकळ नळ्यांचे प्रकार. स्पगेटीला हा दाट रस्सा धरत नाही.

काही बदल चालतात, काही चालत नाहीत. पेकोरीनो हे मेंढीच्या दुधाचं खारट, कडक चीज. ते नसेल तर पार्मेजान घ्या. प्रोसेस्ड चीजचे क्यूब मात्र नकोत. ते वितळून बाहेर येतात, रस्सा दुधाळ होतो आणि गुंडाळी पोकळ राहते. बेदाणे तासगावचे उत्तम, फक्त मोठे असतील तर दोन तुकडे करा. आपल्याकडचे चिलगोजे इटलीतल्या पिनोलीपेक्षा लांबट असतात, पण काम तेच करतात. एक चावून बघा: तेलकट, खवट लागला तर पाकीट बाजूला ठेवा, कारण एकच खवट दाणा अख्ख्या सारणात जाणवतो. पार्स्ली न मिळाल्यास बेझिल वाढवा. कोथिंबीर घातली की चव थेट आपल्या रश्श्याकडे वळते. ती वाईट नाही, पण मग ते ब्राचोले नाहीत. वाईन कोरडीच हवी. गोव्याची गोड पोर्ट घातली तर बेदाणे, कांदा आणि वाईन मिळून सगळं मिट्ट गोड होतं. वाईन नको असेल तर तेवढं पाणी घाला, व्हिनेगर नको.

ताज्या टोमॅटोचा हट्ट असेल तर दोन किलो पूर्ण पिकलेले घ्या. उकळत्या पाण्यातून काढून साल सोला, गाळणीतून गाळा आणि रस निम्मा होईपर्यंत आधीच आटवा. आपले संकरित टोमॅटो आंबट आणि पाणचट असतात, त्यामुळे बाटलीतला पास्साता इथे जास्त भरवशाचा.

ठोकणं, भरणं, बांधणं

काप दोन जाड प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये ठेवा. कागदाला आतून पाण्याचा हात लावा, म्हणजे मांस चिकटून फाटत नाही. बत्त्याच्या सपाट तळाने किंवा लाटण्याने मधून कडेकडे ठोका. जाडी तीन मिलिमीटरवर आली की थांबा. उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसू लागलं तर जास्त झालं. छिद्र पडलंच तर दुसऱ्या कापाची कड कापून ठिगळ लावा. गुंडाळल्यावर कळत नाही. दातेरी हातोडा वापरू नका. तो धागे तोडतो, आणि एवढा पातळ काप मग शिजताना उकलतो.

बेदाणे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून घट्ट पिळा. लसूण आणि पार्स्ली एकत्र अगदी बारीक चिरा. लसणाचे मोठे तुकडे आत कच्चे राहतात आणि नेमके एकाच्याच तोंडात येतात. सगळं एकत्र करा. मीठ घालू नका, चीजमध्ये भरपूर आहे. कापाला आतून मीठ लावायचं तरी दोन बोटांच्या चिमटीएवढंच.

आता दिशा. काप पुढ्यात ठेवून धागे बघा. आडवं कापलेलं असेल तर धागे तुटलेलेच असतात, कुठूनही गुंडाळा. पण खाटकाने धाग्याच्या बाजूने कापून दिलं असेल, आणि तसं पुष्कळदा होतं, तर धागे गुंडाळीच्या लांबीला समांतर राहतील असं गुंडाळा. मग पानात सुरीने चकत्या करताना धागे आडवे कापले जातात आणि घास मऊ लागतो. उलट झालं तर उत्तम शिजलेलं मांसही दोरीसारखं निघतं आणि दोष उगाच आचेला जातो.

प्रत्येक कापावर एक मोठा चमचाच सारण, कडा दोन सेंटिमीटर मोकळ्या सोडून. डाव्या-उजव्या कडा एकेक सेंटिमीटर आत दुमडा. मग जवळच्या टोकापासून अळूवडीचा उंडा गुंडाळतो तसं घट्ट, हवा न राहू देता गुंडाळत जा. जास्त भरण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण मांस पहिल्या वीस मिनिटांत आकसतं, आणि जागा नसेल तर सारण टोकांतून बाहेर येतं.

बांधायला पांढरा, जाड सुती दोरा. रंगीत दोरा रंग सोडतो, नायलॉन वितळतो, आणि पतंगाचा मांजा तर अजिबात नको, त्यावर काच असते. दोन ठिकाणी आडवे वेढे, प्रत्येकाला स्वतंत्र गाठ, मग एक वेढा लांबीकडून. दोरा मांसात रुतता कामा नये. वेढ्याखाली बोटाचं टोक जेमतेम सरकेल इतकी ओढ बरोबर. दोऱ्याऐवजी टूथपिक चालतात, प्रत्येकाला दोन, शिवण टोचून. तसं केलंत तर आधी मोजून घ्या: आठ ब्राचोल्यांना सोळा. वाढण्याआधी सोळाच्या सोळा ताटात परत आल्या पाहिजेत.

परतणं

जाड बुडाचं, रुंद भांडं घ्या, ज्यात आठही गुंडाळ्या एका थरात मावतील. ब्राचोले कागदाने पुसून कोरडे करा. ओलं मांस तेलात पडलं की आधी पाणी उडतं आणि तोवर ते उकडून पांढरं होतं. तेल आणि चरबी मध्यम-मोठ्या आचेवर तापवा. चार-चार करून, शिवण खाली ठेवून सुरुवात करा. म्हणजे शिवण आधी बसते. दोन मिनिटं हात लावू नका. तळाने सोडलं की फिरवा, नाही सोडलं तर ओढू नका. सगळ्या बाजू गडद तपकिरी व्हायला आठ-दहा मिनिटं लागतात. आठही एकदम टाकले तर भांडं थंड पडतं, रस सुटतो आणि रंग येतच नाही.

ब्राचोले बाहेर काढा. तळाला खरपूस थर चिकटला असेल, तो म्हणजे रश्श्याची निम्मी चव. तो तपकिरी आहे की काळा, एवढं बघा. काळा झाला असेल तर मन घट्ट करून भांडं पुसा आणि नवं तेल घ्या. जळका कडवटपणा तीन तास शिजवूनही जात नाही.

रस्सा

आच कमी करा. त्याच तेलात कांदा घाला, दिसेनासा होईल इतका बारीक चिरलेला. चिमूटभर मीठ घालून पंधरा मिनिटं मऊ होऊ द्या. आपल्या वाटणासारखा लाल करायचा नाही, नुसता पारदर्शक आणि गोडसर. मग टोमॅटो पेस्ट घाला आणि चार-पाच मिनिटं परता. भडक लाल रंग विटकरी होतो आणि कडेने तेल सुटतं. मराठी स्वयंपाकघरात वाढलेल्याला ही खूण वेगळी शिकवावी लागत नाही. आता वाईन ओता, आच मोठी करा, लाकडी उलथन्याने तळाचा थर खरवडून त्यात विरघळवा. दारूचा झणझणीत वास जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन मिनिटं, उकळू द्या.

पास्साता घाला. बाटलीत अर्धा पेला पाणी घालून हलवा आणि तेही ओता. अर्धा छोटा चमचा मीठ. उरलेलं शेवटी, कारण रस्सा आटणार आहे आणि आतून चीजही पाझरणार आहे. उकळी आली की ब्राचोले आणि ताटात साठलेला त्यांचा रस परत आत सोडा.

इथून पुढे काम फक्त आचेचं. नेपल्सच्या बोलीत यासाठी खास क्रियापद आहे, ‘पिप्पियारे’, आवाजावरूनच आलेलं. पृष्ठभागावर कुठेतरी एक बुडबुडा येतो, पुट् करून फुटतो, मग जरा थांबून दुसरा. रटरट उकळणं म्हणजे पिप्पियारे नाही. भांड्यावर लाकडी चमचा आडवा ठेवा, त्यावर झाकण टेकवा, म्हणजे फट राहते आणि रस्सा सावकाश आटतो. गॅसची सर्वांत लहान आचही जास्त वाटत असेल तर भांड्याखाली जुना लोखंडी तवा ठेवा, बिर्याणीला दम देताना ठेवतात तसा.

दर पंधरा-वीस मिनिटांनी तळ ढवळा आणि ब्राचोले हलक्या हाताने उलटा. रस्सा फार दाट होऊन मांस उघडं पडायला लागलं तर गरम पाणी अर्धा-अर्धा पेला घाला. थंड पाणी घातलं की पुट् पुट् थांबते आणि परत लय यायला वेळ जातो.

नवशिक्याचा धीर सुटतो तो पहिल्या तासाच्या आतच. चाळीस-पन्नास मिनिटांनी चाखून बघितलं तर मांस चामड्यासारखं लागतं, आणि जास्त शिजून बिघडलं असं वाटतं. उलट आहे. धागे आकसून घट्ट झालेत, पण त्यांना बांधून ठेवणारे शिरांचे पडदे अजून विरघळायचे आहेत. ते मऊ व्हायला उष्णतेपेक्षा वेळ लागतो. आच वाढवली तर धागे आणखी आवळतात आणि उरलासुरला रस बाहेर टाकतात. त्यामुळे या टप्प्यावर काहीही करायचं नाही. बीफला सव्वादोन ते अडीच तास, म्हशीच्या मांसाला तीन ते सव्वातीन. टूथपिक मधोमध टोचा. अडल्याशिवाय आत गेली आणि बाहेर काढताना मांस तिच्याबरोबर उचललं गेलं नाही, की झालं.

मांस झालं की ब्राचोले बाहेर काढून झाकून ठेवा. रस्सा पातळ असेल तर झाकण काढून वीस मिनिटं आणखी. तयार रश्श्यावर लालसर तेलाचा तवंग येतो आणि चमच्याने रेघ ओढली तर भांड्याचा तळ क्षणभर दिसतो. आता मीठ बघा, बेझिल हाताने तोडून घाला.

कुकरमध्ये होतं का? होतं, पण सरळ नाही. दाट टोमॅटो दाबाखाली तळाला लागतो, ढवळता येत नाही, आणि वास आल्यावर कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून पास्साता निम्माच घाला, त्यात एक पेला पाणी घालून पातळ करा, एका शिट्टीनंतर मंद आचेवर पंचवीस मिनिटं ठेवा, दाब आपोआप उतरू द्या. मग सगळं रुंद भांड्यात काढून उरलेला पास्साता घाला आणि पाऊण तास उघडं शिजवा. मांस मऊ होईल. रश्श्याला मात्र तीन तासांची खोली येणार नाही.

वाढणं

रविवारी दुपारी एकला जेवायचं असेल तर साडेआठला काप ठोकायला घ्या. साडेनऊला परतणं, सव्वादहापर्यंत पास्साता भांड्यात. म्हशीचं मांस असेल तर तासभर आधी सुरू करा, किंवा आदल्या रात्रीच करून ठेवा, चव उलट वाढते.

दोरा कापायच्या आधी ब्राचोले दहा मिनिटं निवू द्या. कढत असताना चीज पातळ असतं आणि सगळं ताटात येतं. गाठीच्या विरुद्ध बाजूला कात्री लावा आणि गाठ धरून दोरा अलगद ओढा.

पास्त्याला दर १०० ग्रॅमला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ. लांब झीती आणल्या असतील तर आधी हाताने तोडा. नेपल्समध्ये तसंच करतात आणि तुटताना पडलेला चुराही पाण्यात जातो. पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी काढा, पसरट भांड्यात तीन-चार पळ्या रश्श्यात मिनिटभर घोळवा, वर किसलेलं पेकोरीनो. ब्राचोले त्यानंतर, वेगळ्या पानात, थोडा रस्सा वरून. सोबत कडसर पालेभाजी परतून देतात. पाव लागतोच, ताट पुसून घ्यायला. त्या पुसण्याला इटालियनमध्ये ‘स्कार्पेत्ता’ म्हणतात.

बिघडलंच तर

रस्सा तळाला लागला आणि वास आला: खरवडू नका. वरचं सगळं लगेच दुसऱ्या भांड्यात ओता, तळ तसाच सोडा, मग चाखा. बहुतेक वेळा वाचतं.

आंबट राहिला: आधी अर्धा तास आणखी शिजवा. तरीही आंबट असेल तर चिमूटभर साखर. मुळापासून उपाय हवा असेल तर पुढच्या वेळी कांदा वाढवा.

खारट झाला: पास्त्याच्या पाण्यातलं मीठ निम्मं करा आणि वरून चीज घालू नका. रश्श्यात बटाटा टाकून मीठ ओढून घेता येत नाही, तो फक्त रस्सा पितो.

एखादा ब्राचोला उकलला: तसाच राहू द्या. सारण रश्श्यात मिसळतं, बेदाणे पास्त्यात सापडतात. तो यजमानाच्या पानात वाढतात.

उरलेले ब्राचोले रश्श्यात बुडवूनच ठेवा, उघडे राहिले की कडा सुकतात. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तिथे तीन दिवस; फ्रीजरमध्ये दोन महिने. गरम करताना झाकण ठेवून, मंद आचेवर, दोन चमचे पाणी घालून वीस मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये बाहेरचं मांस कडक होतं आणि मधलं चीज थंडच राहतं.